डिजिटाइज केलेल्या व्हिडिओ कॅसेटचा आवाज: सिंक आणि दर्जा यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत कपाटांतल्या जुन्या कॅसेट आता भराभर कॉम्प्युटरवर उतरू लागल्या आहेत. लग्नं, मुंजी, चवथीच्या आरत्या, जत्रेतली नाटकं, भजनाच्या स्पर्धा. कॅसेट उतरवून घेणं त्या मानाने सोपं जातं, अडचण येते ती एडिटिंगला बसल्यावर, आणि बहुतेक वेळा ती आवाजाचीच असते. चित्र खरबरीत असलं तरी घरचे लोक चालवून घेतात. आजीचा आवाज तिच्या ओठांच्या मागे पडला की मात्र दोन मिनिटांत बघणं सोडून देतात. म्हणून आवाजाबद्दल, म्हणजे सिंक (आवाज आणि चित्र जुळणं) आणि दर्जा यांबद्दल, पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

उत्तरं पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही-व्हिडिओच्या पद्धतीच्या कॅसेट धरून लिहिली आहेत. पालमध्ये सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. हा ४०चा आकडा लक्षात असू द्या, पुढे सतत लागेल.

१. आवाज आणि ओठ जुळत नाहीत. दुरुस्तीची सुरुवात कुठून करू?

आधी फक्त मोजा, दुरुस्ती नंतर. फाइलची सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी आवाज चित्राच्या किती पुढे किंवा मागे आहे ते फ्रेममध्ये मोजून कागदावर लिहा.

मोजायला नेमकी खूण लागते. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतातच, म्हणून बोलणाऱ्याचा चेहरा जवळून दिसत असेल तर यांपैकी एखादं अक्षर धरा. लग्नाच्या कॅसेटमध्ये ‘शुभ मंगल’ हे दोन शब्द फार उपयोगी, कारण ‘भ’ आणि ‘म’ लागोपाठ येतात आणि दर मंगलाष्टकाला पुन्हा येतात. चेहरा दिसत नसेल तर घुमट या मातीच्या वाद्यावरची थाप, कासाळ्यांचा (मोठ्या झांजांचा) ठोका, नारळ फुटणं, टाळी. एकेक फ्रेम पुढे करत हात टेकलेली फ्रेम गाठायची आणि आवाजाच्या आलेखातलं टोक तिच्यापासून किती लांब आहे ते बघायचं.

तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल तर प्रश्न ३ पाहा. फरक हळूहळू वाढत असेल तर प्रश्न ४. मध्येच अचानक उडी असेल तर प्रश्न ५. ही तीन वेगळी दुखणी आहेत, एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर फाइल आणखी बिघडते.

किती फरक चालतो? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला की प्रेक्षकाला जाणवायला लागतं. आवाज आधी येणं जास्त खुपतं, कारण एरवी लांबचा आवाज आपल्याला उशिराच ऐकू येत असतो, आधी कधीच नाही. एक फ्रेमभर मागे राहिला तर त्यामागे रात्र घालवू नका.

२. काल जुळवलेला आवाज आज पुन्हा मागे पडलेला दिसतो. फाइल आपोआप बदलते का?

नाही. तुम्ही काल स्पीकरवर ऐकलं आणि आज ब्लूटूथ हेडफोनवर ऐकताय का, ते तपासा. ब्लूटूथमध्ये आवाज शंभर ते दोनशे मिलिसेकंद सहज उशिरा पोचतो, म्हणजे तीन ते पाच फ्रेम. काही प्लेअर हा उशीर सांभाळून घेतात, एडिटिंगचे सॉफ्टवेअर बहुधा घेत नाहीत. सिंकचं काम नेहमी वायरच्या हेडफोनवरच करायचं. मोठ्या टीव्हीवर पाहताना उलट घडतं: टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घेतो आणि वेगळ्या साउंडबारचा आवाज आधी येतो.

३. सुरुवातीपासून शेवटपर्यंत आवाज सारखाच मागे किंवा पुढे आहे. काय करायचं?

हे सगळ्यात सोपं. कॅप्चर करणारं, म्हणजे कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवणारं यंत्र चित्र आणि आवाज यांना वेगवेगळा वेळ लावतं, त्याने असं होतं. एडिटरमध्ये आवाज चित्रापासून सुटा करा आणि मोजलेल्या फ्रेमएवढा सरकवा: आवाज उशिरा येत असेल तर टाइमलाइनवर डावीकडे, आधी येत असेल तर उजवीकडे.

सरकवण्याआधी आकडा पडताळायचा असेल तर फाइल व्हीएलसी या प्लेअरमध्ये लावा. विंडोजवर ‘जे’ आणि ‘के’ ही बटणं आवाज दर दाबीला ५० मिलिसेकंद मागेपुढे करतात. किती दाबींनी जुळलं ते मोजा, तोच तुमचा आकडा. फाइलमध्ये याने काही बदलत नाही.

त्याच व्हीसीआर आणि कार्डावर उतरवलेल्या कॅसेटना बहुधा तेवढाच फरक असतो. पण ‘बहुधा’वर विसंबून सगळ्या फाइल एकदम सरकवू नका, प्रत्येकीची एक खूण तरी तपासा.

४. सुरुवातीला बरोबर आहे, पण तासाभरात आवाज दोन सेकंद मागे जातो. का?

चित्र आणि आवाज दोन वेगळ्या घड्याळांवर मोजले गेले म्हणून. चित्राची पिवळी वायर यूएसबी कॅप्चर डोंगलला (यूएसबीत लागणाऱ्या छोट्या कॅप्चर यंत्राला) आणि आवाजाची वायर लॅपटॉपच्या माइकच्या भोकात, अशी जोडणी असेल तर नक्की हेच कारण. डोंगलचं घड्याळ वेगळं, लॅपटॉपच्या साउंड कार्डचं वेगळं. दोघांत दहा लाखांत शंभर इतका बारीक फरक असला तरी तासाला ०.३६ सेकंद, म्हणजे नऊ फ्रेम जमतात. दोन सेकंद म्हणजे घड्याळांत बराच फरक आहे.

कॅसेट हाताशी असेल तर चित्र आणि आवाज दोन्ही एकाच डोंगलमध्ये घालून पुन्हा उतरवा. नसेल तर वेग बदलून जुळवता येतं. सुरुवात जुळवून घ्या, शेवटची खूण मोजा आणि भागाकार करा. चित्रात ३६०० व्या सेकंदाला येणारी थाप आवाजात ३६०२ व्या सेकंदाला येत असेल तर आवाज ३६०२ भागिले ३६०० इतक्या पटीने, म्हणजे सुमारे ०.०५६ टक्के जलद करायचा. ऑडॅसिटी या आवाज एडिट करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग आणि पट्टी एकत्र बदलणारा इफेक्ट वापरा. पट्टी तशीच ठेवून फक्त लय बदलणारा इफेक्ट इथे नको, तो आवाजाचे तुकडे करून पुन्हा सांधतो आणि तंबोरा किंवा ऑर्गनचा लांब स्वर थरथरतो.

‘वेग बदलला तर सूर नाही का बिघडणार?’ ही शंका संगीत नाटकवाले हमखास काढतात. एक अर्धस्वर म्हणजे सुमारे ६ टक्के. ०.०५६ टक्के हा त्याचा शंभरावा भाग, कोणाच्याही कानाला कळणार नाही.

नंतर मध्यभागी तपासा. मध्ये जुळलं नाही तर तुमचं दुखणं हे नाही, पुढचा प्रश्न वाचा.

५. नाटकाच्या कॅसेटमध्ये पहिला अंक बरोबर, दुसऱ्यापासून आवाज एकदम मागे. मी वेग बदलून शेवट जुळवला तर मधलं सगळं बिघडलं. आता?

ही गोव्यात सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार आहे, कारण जत्रेतलं नाटक रात्रभर चालायचं आणि व्हिडिओवाला कॅसेट वाचवायला अंक संपला की कॅमेरा थांबवायचा. दर थांब्याला टेपवर क्षणभर सिग्नल तुटलेला असतो. टीव्ही तिथे नुसता लुकलुकतो आणि पुढे जातो. कॅप्चर कार्ड मात्र गोंधळून काही फ्रेम टाकून देतं. आवाज अखंड नोंदला जात राहतो, चित्र तेवढं आखूड होतं, म्हणून त्या जागेपासून आवाज मागे पडतो. २५ फ्रेम गळल्या की बरोबर एक सेकंद.

म्हणूनच अख्ख्या आवाजाला एक टक्केवारी लावून उपयोग नाही. फरक हळूहळू वाढलेला नाही, तो पायऱ्यांनी वाढलाय. प्रत्येक पायरी शोधून आवाज तिथेच कापायचा आणि पुढचा तुकडा सरकवून जुळवायचा. पायऱ्या बहुधा कॅमेरा थांबल्याच्या जागी, टेप सुरकुतलेल्या जागी आणि चित्रात आडवे पट्टे आलेल्या जागी सापडतात. कापताना आवाज काही फ्रेमनी कमी होतो, म्हणून तो शक्यतो टाळ्यांच्या किंवा शांततेच्या मध्ये कापा, गाण्याच्या ओळीत नको. सांध्यावर दोन-तीन फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज विरत असताना दुसरा चढवणं) द्या, नाहीतर टिक्‌ असा आवाज येतो.

एक बारकावा. कॅमेरा मंडपाच्या मागच्या टोकाला असेल तर आवाज खरोखरच उशिरा नोंदलेला असतो. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे दर १४ मीटरना एक फ्रेम. ४० मीटरवरून घेतलेल्या चित्रात तीन फ्रेमचा फरक हा कॅप्चरचा दोष नव्हे. रंगमंचाचा कर्णा कॅमेऱ्याजवळ बांधलेला असेल तर आवाज वायरीतून क्षणात कर्ण्यापर्यंत येतो, मग फरक जवळजवळ राहत नाही आणि रंगमंचावरून थेट येणारा आवाज पाठोपाठ प्रतिध्वनीसारखा ऐकू येतो. अशा वेळी आधी पोचणाऱ्या आवाजावर सिंक धरा.

पुन्हा उतरवणं शक्य असेल तर तेच करा. कॅप्चर सॉफ्टवेअरमध्ये गळलेल्या फ्रेमच्या जागी आधीची फ्रेम पुन्हा घालण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा. व्हीसीआर आणि डोंगल यांच्यामध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे टेपचा डळमळता सिग्नल सरळ करणारं यंत्र, असेल तर उत्तम. तो महाग पडतो, म्हणून अनेक जण जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये ठेवून त्याच्यातून सिग्नल नुसता पार करून घेतात. काही रेकॉर्डर हे काम छान करतात. या यंत्रांमुळे एखाद-दोन फ्रेमचा सारखा उशीर वाढतो, तो प्रश्न ३ प्रमाणे काढायचा.

६. फ्रेम गळल्या की नाही, हे न बघता कसं कळेल?

मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर फाइलची सगळी माहिती दाखवतं. चित्राची लांबी आणि आवाजाची लांबी पाहा. एकूण फ्रेम भागिले २५ म्हणजे चित्राचे सेकंद. आवाज त्याहून लांब निघाला तर फ्रेम गळल्या आहेत किंवा घड्याळांचा फरक आहे. कोणतं ते प्रश्न १ मधल्या तीन मोजमापांतूनच कळतं. फ्रेमरेटच्या ओळीत ‘व्हेरिएबल’ लिहिलं असेल तर प्रश्न ९ पाहा.

७. आवाज एकदम बारीक, घाईघाईत बोलल्यासारखा येतो आणि आधीच संपतो.

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा, चुकला आहे. ४४.१ किलोहर्ट्झने नोंदलेला आवाज सॉफ्टवेअर ४८ समजून वाजवतंय. तासाचा आवाज तेव्हा ५५ मिनिटं ७ सेकंदांत संपतो. उलटं झालं तर ६५ मिनिटं १८ सेकंद लागतात आणि आवाज जाड येतो. इथे ताणायचं-आवळायचं काहीच नाही, फाइलला तिचा खरा सॅम्पल रेट सांगायचा. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूत तो बदलता येतो. त्यानंतर ४८ मध्ये एक्स्पोर्ट करा आणि पुढच्या सगळ्या कॅप्चर ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, न दाबलेल्या पीसीएम आवाजातच घ्या.

८. मिनी डीव्ही कॅसेट तर डिजिटल आहे. तिलाही सिंकचा त्रास कसा?

दोन कारणांनी. मिनी डीव्हीत आवाज दोन प्रकारे नोंदता येतो: १६ बिट ४८ किलोहर्ट्झ, किंवा १२ बिट ३२ किलोहर्ट्झ. बऱ्याच कॅमेऱ्यांचं मूळ सेटिंग १२ बिटचं असायचं. कोणीतरी मध्येच ते बदललं, किंवा चवथीच्या कॅसेटच्या उरलेल्या भागावर दुसऱ्या कॅमेऱ्याने वाढदिवस घेतला, की एकाच टेपवर दोन्ही प्रकार येतात. कॅप्चर सॉफ्टवेअर पहिल्या भागाचा रेट सगळ्या फाइलला लावतं आणि पुढचा आवाज विचित्र होतो. उपाय: जिथे बदल होतो तिथे कॅप्चर थांबवून पुढचा भाग नव्या फाइलमध्ये घ्या.

दुसरं म्हणजे, घरगुती डीव्ही कॅमेऱ्यांत आवाजाचं घड्याळ चित्राला घट्ट बांधलेलं नसतं. त्यामुळे तासाभरात थोडं सरकू शकतं, त्याला प्रश्न ४ चा हिशोब.

मिनी डीव्ही फायरवायरनेच (कॅमेऱ्यातून डिजिटल डेटा जसाच्या तसा आणणाऱ्या वायरीने) उतरवा. पिवळ्या-पांढऱ्या वायरीने उतरवलंत तर डिजिटल कॅसेटचं ॲनालॉग होतं आणि वर नको त्या अडचणी येतात. फायरवायरने तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते.

९. टीव्हीवर कॅसेट लावून मोबाइलने शूट केलं होतं. एडिटरमध्ये घातलं की आवाज सुटतो.

मोबाइल सेकंदाला ठरावीक फ्रेम घेत नाही, उजेडाप्रमाणे कमीजास्त घेतो. एडिटरला ठरावीक हव्या असतात. हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून आधी बदलून घ्या, मग एडिट करा. पण कॅसेट अजून चालत असेल तर हे सोडून ती नीट उतरवून घ्या. टीव्हीच्या स्पीकरमधून आलेल्या आवाजात खोलीचा पंखासुद्धा असतो आणि तो काढता येत नाही.

१०. दुकानातून डीव्हीडी करून आणली होती. तिच्यातून फाइल काढल्या की आवाज जुळत नाही.

डीव्हीडीत एकच चित्रपट साधारण एकेक जीबीच्या व्हीओबी तुकड्यांत ठेवलेला असतो. तुकडे सुटे उघडून एकेक बदलत बसलात तर प्रत्येक सांध्यावर आवाज थोडा सरकतो. संपूर्ण टायटल एकाच वेळी उचलणारं सॉफ्टवेअर वापरा. आवाज वेगळा काढताना काही सॉफ्टवेअर फाइलच्या नावातच उशिराचा आकडा लिहितात, जसा उणे ६६ मिलिसेकंद. तो पुसू नका. जोडताना तोच द्यायचा असतो.

११. मामा तारवटी (जहाजावर नोकरीला) होते, जपान-अमेरिकेतून कॅमेरा आणला. त्या कॅसेट इथे चित्र उड्या मारत दिसतात आणि आवाजही सुटतो.

जपान आणि अमेरिकेत एनटीएससी पद्धत होती: सेकंदाला २९.९७ फ्रेम. दुबई, मस्कत, कुवेतहून आलेल्या कॅसेट बहुधा आपल्यासारख्या पालच असतात, त्यांची काळजी नको. एनटीएससी कॅसेटला ती पद्धत खरोखर वाजवणारा व्हीसीआर लागतो आणि कॅप्चर सॉफ्टवेअरमध्येही एनटीएससी निवडावं लागतं. काही पाल व्हीसीआर एनटीएससी कॅसेट पाल टीव्हीवर दिसेल अशा मिश्र रूपात काढतात. बरेच डोंगल ते रूप ओळखत नाहीत आणि फ्रेम टाकत सुटतात.

उतरवल्यावर फाइल २९.९७ चीच ठेवा आणि टाइमलाइनही तीच. फ्रेमरेट ३० गोल करून लिहिलात तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो. पालच्या कार्यक्रमात मिसळायची असेल तर एडिटरला फ्रेमरेट ‘रूपांतर’ करू द्या. फाइल २५ची आहे असं नुसतं ‘सांगू’ नका, नाहीतर चित्र जवळजवळ सहाव्या हिश्श्याने मंद चालतं.

१२. आवाज एकाच कानात येतो.

जुने व्हीसीआर मोनो होते, पांढरी वायर एकच. तो चॅनल दोन्हीकडे कॉपी करा, झालं. दोन्ही चॅनलमध्ये आवाज असेल तर मात्र ‘मोनो करा’ म्हणून आंधळेपणाने बेरीज करू नका. एक चॅनल उलट्या फेजमध्ये (त्याची लहर दुसऱ्याच्या अगदी उलट) असेल तर बेरजेत माणसाचा आवाज नाहीसा होतो आणि नुसती खरखर उरते. बेरजेनंतर आवाज पातळ झाला तर एक बाजू उलटी करून पाहा, किंवा जी बरी आहे ती एकच ठेवा.

१३. सतत ‘हुंऽऽ’ असा आवाज आहे. तो कॅसेटमध्येच आहे की माझ्या वायरिंगचा?

व्हीसीआर चालू ठेवून कॅसेट थांबवा आणि कॅप्चरचा आवाज ऐका. ‘हुं’ तसाच असेल तर वायरिंगचा. लॅपटॉपचा चार्जर काढा, डिश किंवा केबलची वायर व्हीसीआरमधून काढा, सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. बहुतेक वेळा एवढ्याने जातो, आणि तो उतरवण्याआधीच घालवणं फार बरं.

कॅसेटमध्येच असेल तर ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटी १००, १५० यांवर अरुंद नॉच फिल्टर (ठरावीक फ्रिक्वेन्सी तेवढीच कापणारा) लावा. खालचा सगळा पट्टा कापून टाकणारा फिल्टर लावू नका: घुमटाचा घुमार आणि डग्ग्याची गाज त्याच पट्ट्यात असते, ती गेली की आरती रिकामी वाटते.

गुळगुळीत ‘हुं’ ऐवजी खडखडीत घरघर असेल आणि ती ट्रॅकिंगचं बटण फिरवल्यावर कमीजास्त होत असेल, तर ती हाय-फाय आवाजातली (प्रश्न १६ पाहा) हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, बदलण्याची घरघर आहे. पाल व्हीसीआरचा ड्रम सेकंदाला २५ वेळा फिरतो आणि त्यावरची दोन हेड आळीपाळीने काम करतात, म्हणून तीही सेकंदाला ५० वेळा येते आणि ‘हुं’ समजून लोक फसतात. ट्रॅकिंग जुळवा, दुसऱ्या व्हीसीआरमध्ये लावून पाहा, नाहीच गेली तर प्रश्न १६ प्रमाणे दुसरा ट्रॅक घ्या.

आणि घरातली मुलं ‘शिट्टी ऐकू येते’ म्हणाली तर त्यांचं ऐका. पालच्या ओळींची शिट्टी १५,६२५ हर्ट्झवर असते. मोठ्यांना ती बहुधा ऐकू येत नाही. तिथेही एक नॉच पुरतो.

१४. खरखर किती काढावी?

आपल्याला वाटतं त्यापेक्षा कमी. ऑडॅसिटीत कोणी बोलत नसलेला एखादा सेकंद निवडून नमुना घ्या आणि ६ ते १० डेसिबलपर्यंतच कमी करा. त्यातला ‘रेसिड्यू’ पर्याय लावून काय काढलं जातंय ते ऐका. त्यात माणसाचे शब्द ऐकू आले तर जास्त झालं. कासाळे आणि झांज यांचा आवाज खरखरीच्याच पट्ट्यात असतो, म्हणून आरती-भजनात आणखी हात राखून काढा.

बोलणं स्वच्छ करणारी एआयची साधनं भाषणाला बरी. भजनाला लावू नका. ती माणसाचा बोलका आवाज सोडून बाकी सगळं कचरा समजतात, आणि आरतीतलं घुमट-शामेळ (तालवाद्यं) त्यांच्या लेखी कचराच ठरतं. कौलांवर पडणारा पाऊसही मी काढत नाही. चवथीच्या कॅसेटमध्ये तो असायलाच हवा.

सिंक आधी, स्वच्छता नंतर. तुकडे जुळवून झाल्यावरच खरखरीला हात घाला.

१५. आरतीत घुमट वाजलं की सगळ्यांचे आवाज खाली जातात, मग खरखर वर येते. पुन्हा थाप, पुन्हा खाली.

हे घरगुती कॅमेऱ्याच्या आपोआप आवाज सांभाळणाऱ्या यंत्रणेचं काम. मोठा आवाज आला की ती सगळं दाबते आणि शांतता झाली की हळूहळू सगळं वर उचलते. घुमटाची थाप जवळ बसलेल्या कॅमेऱ्याला इतकी मोठी वाटते की त्यानंतर गाणाऱ्यांची अर्धी ओळ दबून जाते. आलेखात ते स्पष्ट दिसतं: उंच टोक, लगेच पडलेली दरी आणि मग तिरकी चढण.

कंप्रेसर, म्हणजे मोठे-लहान आवाज आपोआप सारखे करणारा इफेक्ट, लावलात तर हेच आणखी वाढतं. हाताने करावं लागतं: व्हॉल्यूमच्या रेषेवर बिंदू ठेवून थाप थोडी खाली, दरी वर, चढणीच्या शेवटची खरखर खाली. एका आरतीला बराच वेळ जातो. म्हणून सगळी आरती करू नका. जिथे कोणा एकाचा आवाज ओळखू येतो, पुढे होऊन कडवं उचलणारे आजोबा, त्या ओळी करा. जिथे आवाज फाटलाय, म्हणजे टोकं सपाट कापली गेली आहेत, तिथलं मूळ परत येत नाही. क्लिप दुरुस्त करणारा इफेक्ट टोचणी तेवढी कमी करतो.

१६. आवाज रजईतून आल्यासारखा दबलेला आहे.

व्हीएचएसमध्ये आवाज दोन जागी असू शकतो. एक साधा ट्रॅक, टेपच्या वरच्या कडेला, स्थिर हेडने वाचला जाणारा. दुसरा हाय-फाय, चित्राच्याच पट्ट्यात खोलवर, फिरत्या हेडने वाचला जाणारा. पालमध्ये टेप सेकंदाला अवघी २.३४ सेंटिमीटर सरकते, म्हणून साधा ट्रॅक मुळातच दबका, एलपी (लाँग प्ले) वेगात तर निम्म्या वेगाने आणखीच. हाय-फाय पूर्ण खुला. कॅसेट हाय-फाय यंत्रावर नोंदली असेल आणि तुम्ही मोनो व्हीसीआरवर उतरवली असेल तर चांगला आवाज टेपवरच राहून गेलाय. हाय-फाय व्हीसीआर मिळवा. त्यावर ‘हाय-फाय’, ‘नॉर्मल’ आणि ‘मिक्स’ असे पर्याय असतात. मिक्स टाळा, दोन्ही एकदम घेतले की आवाज पोकळ होतो.

हाय-फाय नसेल तर आधी आवाजाचं स्थिर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तरी दबकाच असेल तर नोंदणाऱ्या यंत्राचं हेड आणि तुमचं हेड यांचा तिरकेपणा जुळत नाही. जाणकार मेकॅनिककडून, तीच कॅसेट चालू ठेवून, कानाने ऐकत स्क्रू जुळवून घ्या. इक्वलायझरने उंच सूर ओढण्यापेक्षा याने कितीतरी जास्त फरक पडतो.

१७. व्हिडिओवाल्याने लग्नावर सिनेमाची गाणी चढवली. खालचं खरं बोलणं परत मिळेल का?

कधीकधी हो, म्हणून कोणीही ‘नाही’ म्हटलं तरी एकदा बघाच. ‘ऑडिओ डब’ने गाणं चढवलं तर ते फक्त साध्या ट्रॅकवर जातं. हाय-फाय आवाज चित्रासोबत गुंफलेला असतो, चित्र न पुसता तो पुसता येत नाही. मूळ कॅसेट हाय-फाय असेल आणि गाणं तिच्यावरच डब केलं असेल तर व्हीसीआर ‘हाय-फाय’वर ठेवल्याबरोबर गाण्याच्या जागी भटजी, वऱ्हाड आणि भांडी ऐकू येतात. १२ बिट मिनी डीव्हीतही डब केलेला आवाज दुसऱ्या जोडीवर जातो, पहिली जोडी शाबूत असते. तुमच्याकडची कॅसेट एडिट करून काढलेली कॉपी असेल तर मात्र त्यात मूळ आवाज नसतो. मूळ कॅसेट व्हिडिओवाल्याच्या घरी आहेत का ते विचारा.

१८. कॅसेटला पांढरी बुरशी आहे. आवाज मध्येमध्ये जातो तो त्यामुळेच का?

शक्य आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यातली दमट हवा टेपच्या कडांवर आधी बसते आणि साधा आवाज नेमका वरच्या कडेलाच असतो. चित्र ठीक आणि आवाज तुटक, असं त्यामुळे होतं. बुरशीची कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. हेड घाण होतं, टेप घासली जाते आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. आधी साफ करून घ्या. साफ केल्यावर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा, मग उतरवा.

१९. त्याच नाटकाची ऑडिओ कॅसेट कोणीतरी ऑर्गनजवळ बसून रेकॉर्ड केली होती. तो चांगला आवाज या चित्राला लावता येईल?

येईल, आणि लावावाच. पण एका टक्केवारीत बसणार नाही. बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर सेल उतरत गेले की मंद होत जातो, मग ती नोंद वाजवताना पुढे पुढे जलद आणि चढ्या सुरात ऐकू येते. व्हिडिओचा आवाज खाली मार्गदर्शक म्हणून ठेवा. कॅसेटचा आवाज पदापदाने कापा, प्रत्येक पदाचा वेग प्रश्न ४ च्या भागाकाराने वेगळा काढा, आणि सांधे संवादांच्या मधल्या जागी लपवा.

वेग बरोबर आहे का हे ५० हर्ट्झच्या ‘हुं’वरून मोजायची युक्ती काही जण सांगतात. त्या काळी आपल्या विजेच्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी नेमकी ५० वर टिकत नसे, म्हणून तिच्यावर फार भरवसा नको. ऑर्गन किंवा पेटीचा सूर खात्रीचा. ती पेटी अजून कोणाच्या घरी असेल तर तिचा षड्ज मोबाइलवर रेकॉर्ड करून आणा आणि त्याच्याशी जुळवा.

२०. शेवटी कोणती फाइल ठेवू?

दोन. एक, उतरवलेली मूळ फाइल, काहीही न काढता-घालता, पीसीएम आवाजासकट, दोन वेगळ्या डिस्कवर. दुसरी, पाहण्यासाठी: एमपी४, आवाज एएसी ४८ किलोहर्ट्झ. एमपी४ पुन्हा एमपी४ करत बसू नका. दर वेळी एएसी सुरुवातीला काही मिलिसेकंदांची भर घालतं. सगळे सॉफ्टवेअर ती वजा करत नाहीत, आणि तीन-चार फेऱ्यांत दोन-तीन फ्रेम सहज जमतात. पुन्हा बदल करायचा तर प्रोजेक्ट उघडून मूळ फाइलवरूनच काढा. व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

२१. कॅसेट आता नाही. फाइल एकच, तीही सिंक गेलेली. हिचं काही होईल?

बहुतेकदा होतं. कितीही बिघडलेली असली तरी प्रश्न १ पासूनच सुरू करा, फक्त खुणा तीनऐवजी दर पाच मिनिटांना एक घ्या आणि कागदावर आलेख काढा: आडवा वेळ, उभा फरक. आडवी रेष आली तर सरकवा, तिरकी आली तर वेग बदला, पायरी आली तर कापा. बऱ्याच फाइलमध्ये दोन्ही असतं, आधी पायऱ्या आणि त्यांच्यामधल्या रेषा तिरक्या. तेव्हा आधी पायऱ्यांवर कापा, मग प्रत्येक तुकड्याचा वेग वेगळा काढा. जिथे एकही खूण सापडत नाही, माणसं पाठमोरी आहेत, कोणी बोलत नाही, तिथे शेजारच्या तुकड्यांचा आकडा धरून पुढे चला. आणि ज्यांनी तो कार्यक्रम प्रत्यक्ष पाहिला त्यांना शेजारी बसवा. कोणत्या वाक्याला कोण हसलं हे त्यांना आठवतं, आणि हसणाऱ्या चेहऱ्याची फ्रेम ही थापेइतकीच चांगली खूण आहे.